स्वस्तातली, सावकाश चालणारी रायफल

टेक्सासमध्ये राहणाऱ्या माणसानं रायफल विकत घेतली, ही काही बातमी नाही. त्या माणसाचं नाव मुसलमानी असलं की मात्र तिची चर्चा आधी घरात होते, मग नातेवाइकांत, आणि शेवटी जुम्म्यानंतर मशिदीच्या पार्किंगमध्ये. कशाला घेतली, कोणती घेतली, कितीला पडली, आणि भीती नाही वाटत? हे चार प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेले, की एकदाच लिहून टाकावं असं ठरवलं.

‘कशाला’चं उत्तर कोल्हापुरातून आलं. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. माझा चौदा वर्षांचा मुलगा अमेरिकेत वाढलेला. त्याला कांबळवाडी नकाशावर दाखवावी लागली. पण रेल्वेत नोकरी करणारा हा शांत चेहऱ्याचा माणूस त्याला फार आवडला. “अब्बा, हे मला शिकता येईल?” असं त्यानं विचारलं. कुसाळेची रायफल आपल्या ऐपतीच्या बाहेरची. तिच्यातलं काडतूस मात्र जगातल्या सर्वात स्वस्त काडतुसांपैकी एक आहे. पॉइंट टू-टू लाँग रायफल. १८८७ पासून हे काडतूस आहे तसं चालत आलंय.

याला रिमफायर म्हणतात. मोठ्या काडतुसात तळाच्या मधोमध एक टोपी असते, तिच्यावर पिन आपटते. यात ती टोपीच नाही. पेट घेणारा मसाला तळाच्या काठात भरलेला असतो आणि पिन त्या काठावर आपटते. बनवायला सोपं, म्हणून स्वस्त. मोठ्या डब्यात घेतलं तर एक काडतूस आठ-दहा सेंटला पडतं. धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे नवशिक्या दचकत नाही. पण ‘छोटं’ म्हणून त्याला खेळणं समजू नये. ही गोळी मैलाहून जास्त लांब जाऊ शकते, असा इशारा डब्यावरच छापलेला असतो.

शनिवारी सकाळी कागदावर किंवा रिकाम्या डब्यांवर निवांत नेम धरायचा, एवढंच आमचं उद्दिष्ट होतं. त्यासाठी तीन प्रकार समोर होते. पहिला, आपोआप पुढचं काडतूस घेणारी रायफल. त्यात रुगर कंपनीची १०/२२ सर्वात प्रसिद्ध. १९६४ पासून बनते, किंमतही आटोक्यात. मुलाला अर्थातच तीच हवी होती. दुसरा, बोल्टची. तिसरा, लिव्हरची, जुन्या वेस्टर्न सिनेमात घोड्यावरचा जॉन वेन जशी चालवतो तशी. चापाखालची कडी पुढे ढकलायची की रिकामं नळकांडं बाहेर पडतं आणि घोडा चढतो, मागे ओढली की नवं काडतूस आत बसतं.

मी लिव्हर निवडली, कारण ती सावकाश चालते. प्रत्येक गोळीआधी हाताला एक पुरतं काम करावं लागतं. १०/२२ मध्ये चौदा वर्षांचं पोर दहा गोळ्या चार सेकंदांत संपवतं आणि अकरावीचा विचार करू लागतं. लिव्हरमध्ये दोन गोळ्यांच्या मधे श्वास घ्यायला जागा मिळते. शिवाय घोडा बाहेर असतो. तो चढलाय की उतरलाय, हे शेजारी उभ्या बापाला डोळ्यांनी दिसतं.

दुसरं कारण सांगायला जरा जड जातं. इथल्या रेंजवर शेजारच्या लेनमध्ये कुणीतरी काळी एआर-१५ घेऊन उभा असतो आणि कुणी मान वळवून पाहत नाही. तीच माझ्या हातात, माझ्या दाढीसकट, कशी दिसेल हे मला ठाऊक आहे. लाकडी दस्त्याची लिव्हर रायफल पाहिली की इथल्या माणसाला त्याचा आजोबा आठवतो. हे मी घरी बोललो तेव्हा बायको म्हणाली, “दाढी ठेवताना लोक काय म्हणतील हे पाहिलं नाहीत. मुलाचं नाव ठेवताना पाहिलं नाहीत. आता बंदूकही त्यांच्या पसंतीची घेणार?”

या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. माझं उत्तर असं. नाव आणि दाढी पाहून कुणी घाबरला तर ती त्याची अडचण. पण बंदूक पाहून समोरचा घाबरला तर त्याचं काही चुकलेलं नसतं. बंदूक घाबरावं अशीच वस्तू आहे. ती हातात घेतल्यावर समोरच्याची भीती कमी करणं हे धरणाऱ्याचं काम, मग त्याचं नाव काहीही असो. बायकोला हे पूर्ण पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

आता ‘कोणती’. जुन्या लिव्हर रायफलींत मार्लिन ३९ए आणि विंचेस्टर ९४२२ यांची नावं आदरानं घेतली जातात. विंचेस्टर १९७२ ते २००५ बनली. मार्लिनचा बोजवारा तिच्या मालक कंपनीच्या, रेमिंग्टनच्या, दिवाळखोरीत उडाला. २०२० मध्ये रुगरनं ते नाव विकत घेतलं. दोन्ही आता सेकंडहँडच शोधाव्या लागतात, आणि शौकिनांनी त्यांचे भाव चढवून ठेवलेत. ब्राउनिंगची बीएल-२२ जपानमध्ये मिरोकू कंपनी बनवते. तिची कडी अवघी ३३ अंश फिरते, बोटं चापापासून लांब जात नाहीत. देखणी वस्तू, पण आमच्या बजेटच्या जवळपास दुप्पट.

उरल्या दोन. ब्राझीलच्या रॉसीची रिओ ब्राव्हो आणि अमेरिकेतल्या हेन्री कंपनीची एच००१. दोन्ही आम्ही रेंजवर भाड्यानं घेऊन चालवल्या. रॉसी थोडी स्वस्त, आणि तिला घोडा अडवणारा सेफ्टी खटका आहे. हेन्रीला वेगळा खटका नाही, तिचं बाहेरचं आवरण हलक्या मिश्रधातूचं आहे, पण कडी लोण्यासारखी फिरते. वजन सव्वापाच पौंड, म्हणजे अडीच किलोच्या आतच. नळीखालच्या लांब नळकांड्यात पंधरा काडतुसं मावतात. गंमत म्हणजे, बेंजामिन टायलर हेन्रीनं १८६० मध्ये पेटंट घेतलेल्या मूळ हेन्री रायफलशी या कंपनीचा संबंध फक्त नावापुरता. कंपनी १९९० च्या दशकातली, ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली. आम्ही हेन्री घेतली. पावणेचारशे डॉलर.

पण ‘कितीला पडली’चं उत्तर तिथं संपत नाही. बायकोची अट होती की आधी लोखंडी कपाट, मग रायफल. तिच्याकडे कारण होतं. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि २०२० पासून १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे. आज तो हसतोय, दोन वर्षांनी परीक्षेचं, मित्रांचं काय असेल कुणाला ठाऊक. टेक्सासचा कायदाही १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती चालवायला तयार बंदूक लागू देणं हा गुन्हा मानतो. त्यामुळे कपाट घेतलं, काडतुसांना वेगळी कुलूपबंद पेटी, कपाटाची किल्ली माझ्याकडे आणि पेटीची बायकोकडे. दोघांची संमती असल्याशिवाय एक बार निघू शकत नाही. कपाट, कानांवरचे मफ, चष्मे, रेंजची फी असा सगळा हिशोब केला तर ‘स्वस्त’ रायफल दुपटीच्या घरात गेली. स्वस्त रायफल घेणाऱ्यानं हा आकडा आधी मांडावा.

खरेदीचं सांगतो, कारण आपल्या बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं. एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले, तर बंदूक घेता येत नाही, काडतुसंही नाहीत. ग्रीन कार्डवाल्याला घेता येते. दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, त्यात नागरिकत्व कोणत्या देशाचं हेही लिहायचं, मग दुकानदार तपासणीसाठी नाव पाठवतो. उत्तर तीनपैकी एक येतं: पुढे जा, थांबा, किंवा नाही. सारख्या नावांमुळे ज्यांना वारंवार ‘थांबा’ येतं, त्यांना अर्ज करून स्वतंत्र ओळख क्रमांक मिळवता येतो. माझं उत्तर दहा मिनिटांत आलं, ‘पुढे जा’. त्या दहा मिनिटांत मी काउंटरवरच्या चाकूंच्या किमती तीनदा वाचल्या. शेजारच्या गिऱ्हाइकाला तशी गरज पडलेली दिसली नाही.

मला कोकणातलं आमचं घर आठवलं. आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नंतर परत आणायची. आजोबा पावती नमाजच्या टोपीच्या घडीत ठेवत. बंदूक घरात असली तरी आपली एकट्याची नसते, तिचा जाब बाहेर कुणाला तरी द्यायचा असतो, हे मी तिथं पाहिलं. इथं असा जाब विचारायला फारसं कुणी येत नाही. म्हणून आम्ही तो एकमेकांना देतो.

तिरंदाजी शिकायला उत्तेजन देणाऱ्या हदीस आपल्याकडे आवडीनं सांगितल्या जातात. मुलाला मी त्याआधी दुसऱ्या सांगितल्या. मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेताना त्याची टोकं मुठीत धरावीत, कुणाला इजा होऊ नये. भावाकडे हत्यार रोखू नये. जिवंत प्राण्याला नेमाचं निशाण करू नये. रेंजवरच्या भिंतीवर पहिला नियम लिहिलाय, नळीचं तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवा. मुलानं तो वाचला आणि म्हणाला, “हे तर बाणांवालंच आहे.”

लिव्हर रायफलीचे दोन धोके मात्र लक्षात ठेवावेत. काडतुसं नळीच्या तोंडाकडून भरायची असतात, तेव्हा हात नळीसमोर येऊ द्यायचा नाही. आणि रिकामी वाटली तरी एखादं काडतूस नळकांड्यात अडकून राहिलेलं असू शकतं. कडी पुन्हापुन्हा फिरवून, डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करायची. रिमफायर रिकामी असताना चापही उगाच ओढू नये, पिन काठावर आपटून खराब होते. गोळी शिशाची असते, म्हणून हात साबणानं धुतल्याशिवाय समोसा मिळत नाही, हा आमच्या घरचा नियम.

पन्नास काडतुसांची डबी संपायला आम्हाला दोघांत मिळून पाऊण तास लागतो. मुलाचे निम्मे बार अजून बाहेरच जातात, पण प्रत्येक बारानंतर तो कडी फिरवण्याआधी थांबतो. मी याच्यासाठीच पैसे मोजले होते.

राहिला चौथा प्रश्न, भीती नाही वाटत? वाटते. कपाट उघडताना दर वेळी वाटते. ज्या दिवशी वाटायची थांबेल, त्या दिवशी रायफल विकून टाकायची, असं आमच्यात ठरलंय.