वाट पाहतो

राजगड उतरून गुंजवण्यात आलो, तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. चोरदरवाजाची ती वाट माणसाला त्याचे वय फार स्पष्टपणे सांगते! एका घराच्या ओसरीवर पिठलं-भाकरीची वाट पाहत टेकलो, तोच घरातली शाळकरी मुलगी वही घेऊन पुढे आली.

“काका, एवढं इंग्रजी बघता?”

पुण्याला कामाला असलेल्या वडिलांना दिवाळीचे पत्र, असा शाळेचा अभ्यास होता. शेवटी लिहिले होते, ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू सी यू.’

मला हसू आले. हीच चूक मी नोकरीच्या पहिल्या अर्जात केली होती आणि साहेबांनी तिच्याभोवती तांबडे कडे काढून अर्ज परत दिला होता.

“‘सी’ नव्हे, ‘सीइंग’.”

“का?”

आमच्या वेळी ‘का’ विचारायची सोय नव्हती. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकायची, की झाले! इंग्रजी आम्हांला पाचवीत भेटली. २००० सालापासून ती राज्यात पहिलीपासूनच शिकवू लागले. तेव्हा या पिढीला उत्तर देणे भाग होते.

“हे बघ, ‘आय वॉन्ट टू सी’ यातला ‘टू’ म्हणजे ‘पाहायला’ मधला ‘ला’. इथला ‘टू’ म्हणजे ‘कडे’. ‘भेटायलाकडे डोळे लागले’ म्हणतो का आपण? ‘भेटण्याकडे’ म्हणतो. शंका आली, तर तिथे एखादे नाम घालून बघ: ‘लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’. दिवाळी बसली ना? मग क्रियापदाला ‘इंग’ लावायचे!”

तिने खोडून नीट लिहिले. मग हळूच म्हणाली, “पण बाबांना इंग्रजी येत नाही.”

मी गप्प झालो. नोकरी लागल्यावर, त्या तांबड्या कड्याची भरपाई म्हणून की काय, मीही वडिलांना बिनचूक ‘सीइंग’ घातलेले इंग्रजी पत्र धाडले होते. ते त्यांनी गावच्या मास्तरांकडून वाचून घेतले, हे मला त्यांच्या पश्चात कळले. उत्तर मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. दोनच शब्दांचे: ‘वाट पाहतो.’

“शाळेसाठी हे ठेव,” मी म्हणालो, “आणि बाबांसाठी खाली मराठीत लिही.”

ती लिहू लागली. आजी पिठल्याचे पातेले उतरवून दाराशी आली आणि कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघत म्हणाली, “येष्टी दिसती का गं?”