अच्छेर मैदा, अच्छेर साखर

परंपरेने चालत आलेल्या पदार्थांच्या मागे सुबत्तेचा इतिहास असावा, असे आपण सहसा गृहीत धरतो. परंतु नगरच्या ख्रिस्ती घरांतून नाताळच्या आधी भाजला जाणारा, मनुका-दालचिनीच्या सुगंधाचा तो गडद तपकिरी केक बालपणापासून पाहत, पुढे स्वतः करीत आल्यावर माझी खात्री होत गेली ती अशी, की या पदार्थाच्या घडणीत जे मिळाले त्यापेक्षा जे मिळू शकले नाही त्याचाच हात मोठा आहे.

तो आमच्याकडे आला कोठून, हे सांगणे फारसे अवघड नाही. १८०३ साली नगरचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, भिंगारलगत छावणी वसली, आणि १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने या शहरात आपले ठाणे केले. छावणीतील साहेबांचे खाने आणि मिशनच्या बंगल्यांतील मडमांचा घरगुती स्वयंपाक या दोन वाटांनीच तो आमच्या चुलीपर्यंत पोचला असला पाहिजे. येताना तो परका होता. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंगाची वाणी त्यांच्या मुखातून सुटली नाही, आणि त्यांची भजने टाळ-पेटीवर गाणाऱ्या मंडळीच्या घरी नाताळचे ताटही करंजी, चकली, शंकरपाळे आणि अनारशांवाचून कधी सजले नाही. त्या ताटात या पाहुण्याला जागा मिळाली ती एका कडेला. मात्र एकदा मिळाल्यावर त्याने ती सोडली नाही.

आजीच्या वहीत केकचे प्रमाण लिहिलेले होते ते असे : मैदा अच्छेर, साखर अच्छेर, लोणी अच्छेर, गावठी अंडी डझनभर, आणि मनुका, बेदाणे, खजूर, काजू मिळून शेरभर. मूळ कृती अर्थातच पौंडांची. पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, तर ८० तोळ्यांच्या पक्क्या शेराचा अर्धा भाग भरतो सुमारे ४६६ ग्रॅम; दोन औंसांचे ५७ ग्रॅम आणि आमच्या छटाकेचे ५८. तराजूची वजने बदलण्याची ऐपत नसलेल्या एका बाईने साहेबाचा पौंड इतक्या सहजपणे आपल्या अच्छेरात बसविला, की पुढे सरकारने दशमान वजने सक्तीची केली तेव्हा त्या वहीतील आकड्यांचे ग्रॅम करण्याचे आईने साफ नाकारले, आणि पितळी वजनांचा जुना संच केकसाठी म्हणून फडताळात जपून ठेवला.

फळे मद्यात भिजविण्याचा साहेबी शिरस्ता आमच्याकडे रुजणे शक्यच नव्हते. अमेरिकन मिशनऱ्यांचा मद्यपाननिषेधाचा आग्रह मंडळीत मुरलेला होता. त्यावर १९४९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात दारूबंदीचा अंमल सुरू झाला, आणि परवान्यावाचून रमची बाटली घरात ठेवणे हा गुन्हा ठरला. (मलबारात तेलिचेरीच्या मांबळ्ळी बापू यांनी १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्यासाठी केक केला, त्यात विलायती ब्रँडीऐवजी तिथलेच स्थानिक मद्य घातले, असे सांगतात, म्हणजे अभावातून मार्ग काढणारे आम्हीच एकटे नव्हतो.) आमच्या घरी फळे भिजत ती दाट, बिनदुधाच्या चहात, ज्यात नागपुरी संत्र्यांचा रस पिळलेला असे. चहाचा तुरटपणा मनुकांच्या गोडीला आवर घालतो आणि रसाचा आंबटपणा जायफळ-लवंगेच्या उग्रतेला वळण लावतो. पुढे आयुष्यात रममध्ये मुरलेला केक मी अनेक ठिकाणी आदराने खाल्ला, पण त्यात मद्याच्या दर्पाखाली मसाल्यांचा स्वर दबून जातो, हे माझे मत काही बदलले नाही. साखरेत पाकवलेल्या विलायती फळांच्या साली बाजारात दुर्मीळ. त्यांची जागा श्रीगोंद्याकडच्या लिंबांच्या साली पाकात शिजवून आजीनेच भरून काढली होती.

साखरेची गोष्ट निराळी. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी लोणी गावी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, हरेगावच्या बेलापूर कंपनीचा कारखाना तर त्याहून कितीतरी जुना; आणि तरीही त्याच जिल्ह्यात रेशनकार्डावर साखर मोजून घेण्याचे दिवस आमच्या पिढीने पाहिले. सणासाठी दर महिन्याच्या वाट्यातून मूठमूठ बाजूला पडे. १९७२ च्या दुष्काळात तेही जमेना, तेव्हा आईने निम्म्या साखरेच्या जागी गूळ घातला. गुळाच्या अंगचा ओलावा धरून ठेवण्याचा गुण केकला असा मानवला, की एरवी आठवड्यात कोरडा पडू लागणारा तो केक जानेवारी उजाडेपर्यंत मऊ राहिला. आणि दुष्काळ सरल्यावरही गुळाची वहिवाट आमच्या घरात कायम झाली.

पण खरा अभाव होता तो भट्टीचा. आजीच्या पहिल्या दिवसांत म्हणे केक जाड बुडाच्या पातेल्यात, खाली वाळू आणि वर झाकणीवर निखारे अशा रीतीने भाजला जाई. मला आठवते ती मात्र कॅम्पातील बेकरी. पहाटेचे पाव काढून झाले, त्यानंतरच्या नानकटाईच्या खेपाही आटोपल्या, की दुपारनंतर ती विटांची भट्टी उतरत्या आचेवर येई, आणि नेमका तोच केकवाल्या बायांचा मुहूर्त. पावाला प्रखर आच लागते. फळांनी जड झालेल्या केकला मात्र मंद, सर्व बाजूंनी सारखी येणारी, दोन-अडीच तास न ढळणारी उष्णता हवी असते, नाहीतर कवच करपते आणि गाभा कच्चा राहतो. पहाटेपासून बाभळीच्या लाकडांनी तापलेल्या विटा तीच उष्णता सावकाश परत देत. घरात भट्टी नसल्यामुळे आम्हांला जी भट्टी लाभली, तिच्या तोडीचे विजेचे यंत्र आजवर माझ्या पाहण्यात नाही.

लोणी-साखर एकाच दिशेने फेटून हात भरून आलेले असत, करपूस जाळलेल्या साखरेच्या पाण्याने मिश्रणाला रंग आलेला असे, आणि पत्र्याचे डबे फडक्याने झाकून आम्ही पोरे टांग्यातून ते मांडीवर धरून नेत असू. कागदाची चिठ्ठी आचेत टिकत नाही, म्हणून प्रत्येक घराची खूण काजूंच्या पाकळ्यांनी डब्यातील मिश्रणावरच मांडलेली : कोणाचा क्रूस, कोणाचा तारा, आमची नुसती तीन पाकळ्यांची रांग. बेकरीवाले चाचा स्वतः मुसलमान, पण कोणती खूण कोणत्या घराची याचा त्यांच्याजवळचा दाखला पाळकसाहेबांच्या दप्तरापेक्षा कमी पक्का नव्हता. डबे आत सरकवताना ते मोठ्याने ‘बिस्मिल्ला’ म्हणत. बाकावर बसलेल्या बाया वाट पाहता पाहता नाताळच्या उपासनेतील गीतांची तालीम करीत, आणि विणायची सुई खुपसून ती कोरडी निघाली की चाचा त्यांना हाक देत.

आता शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे, बहुतेक घरी विजेची छोटी भट्टी आहे, सारे जिन्नस बारा महिने दुकानांत मांडलेले असतात. या सुलभतेबद्दल मला तक्रार नाही. माझ्या खांद्यांना ती हवीच आहे. मात्र एक उणीव मी मुद्दाम जपली आहे. आमच्या शेजारच्या मारवाडी जैन भाभी दर दिवाळीला फराळाचे ताट पाठवतात, आणि अंडे त्यांच्या घरात चालत नाही. म्हणून दरवर्षी एक डबा वेगळ्या भांड्यात, दही आणि खाण्याचा सोडा घालून, त्यांच्यासाठी होतो. ओले आले त्यांना वर्ज्य असले तरी सुंठ चालते, हे त्यांनीच मला सांगितले. तो केक थोडा बसका होतो खरा, पण दह्यामुळे त्याचा पोत इतका कोवळा येतो, की आमच्या घरातली मुले आता आधी त्याच डब्याकडे वळतात. भाभींनी माझ्याकडून कृती उतरवून घेतली, आणि गेल्या नाताळात त्यांच्याच हातचा एक तुकडा मला आला. त्यात त्यांनी केशर घातले होते. लवंगेपुढे केशराचा गंध टिकत नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यावर यंदा लवंगा निम्म्या करून पाहण्याचे त्यांनी ठरविले आहे.