मुलांच्या चालीने प्रवास

नाताळची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे शाळेच्या आवारात जिकडे तिकडे प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. कोणी आजोळी जाणार असतो, कोणी कोकणात, कोणी मामाच्या लग्नास. त्यांतील कित्येकांबरोबर दोन-तीन वर्षांची धाकटी भावंडेही असतात. आणि "लहान मूल बरोबर असले की प्रवासाचे सुख संपले," असे उद्गार मोठ्या मुलांच्या व क्वचित पालकांच्याही तोंडून मी ऐकले आहेत. एके काळी माझेही मत असेच होते. ते कसे पालटले हे सांगण्याकरिता हा लेख लिहीत आहे. यात माझ्या एका चुकीची कबुली आहे. परंतु शिक्षकाने आपली चूक विद्यार्थ्यांपासून लपवावी, असे मला वाटत नाही.

गोष्ट २०१२ सालच्या डिसेंबरातील. माझी सासुरवाडी नागपूरची. त्या वर्षीचा नाताळ तेथे करावा असे ठरवून आम्ही मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालो. बरोबर चार वर्षांचा मुलगा व दीड वर्षाची मुलगी होती. ही गाडी कोल्हापुराहून निघून सबंध महाराष्ट्र ओलांडीत गोंदियास जाते. दुपारी मिरजेस बसलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी दिवस कलता नागपुरास उतरतो. मी पडलो गणिताचा शिक्षक. वेळापत्रकावर माझा फार भरवसा. मुलांनी केव्हा खावे, केव्हा निजावे, केव्हा खेळावे, हे सर्व मी एका कागदावर लिहून काढले होते. निघताना आई म्हणाली, "अरे, कागद तुला ठीक आहे, पण लेकरांना तो कोण वाचून दाखवणार?" मी ते हसण्यावारी नेले.

पुणे येण्यापूर्वीच तो कागद निरुपयोगी झाला. जेवणाच्या वेळी मुलीस झोप आली, आणि डब्यात निजानीज झाली तेव्हा ती टक्क जागी! मुलास घडोघडी खिडकीपासून दारापर्यंत फेरी मारावयाची असे. मी त्यास प्रथम समजाविले, मग दटाविले आणि शेवटी दंड धरून बसविले. तो रडू लागला. त्याचे ऐकून धाकटीने सूर धरला. मंडळींची झोपमोड झाली. समोरच्या बाकावरील एक वृद्ध बाई म्हणाल्या, "अहो दादा, बांधून घातलेलं वासरूसुद्धा दावं ओढतं, हे तर लेकरू." ते बोलणे मला त्या वेळी रुचले नाही.

सकाळी खानदेशातील एका मोठ्या स्थानकात गाडी थांबली. दूध आणण्याकरिता मी लगबगीने खाली उतरलो व दूध घेऊन दुसऱ्याच दाराने डब्यात चढलो. जागेवर येऊन पाहतो तो मुलगा नाही! "तुमच्या मागोमाग आला होता ना?" असे त्याच्या आईने विचारले. तो आईजवळ आहे असे मी समजत होतो. तो माझ्याबरोबर आहे असे ती समजत होती. माझ्या पायांतील बळच गेले. तसाच फलाटावर उतरून गर्दीतून हाका मारीत धावलो. पाण्याच्या नळाजवळ एका हमालाने त्याचा हात धरून ठेवला होता. "पोरगं बाबा, बाबा करीत होतं. म्हटलं, इथंच उभं राहू, बाप येईलच," असे तो भला मनुष्य म्हणाला. मी त्याचे आभार धड मानले की नाही, तेही आज आठवत नाही. मुलास उचलून डब्यात आलो आणि लवकरच गाडी हलली. आता रागे भरावे म्हणून मी तोंड उघडणार, इतक्यात हुंदके देत तोच म्हणाला, "बाबा, मी हाक मारली होती. तुम्ही फार भराभर चालता."

पुढे कितीतरी वेळ मी खिडकीबाहेर पाहत बसलो. वल्हांडण सणाहून परतताना बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला, आणि तो सोबतच्या मंडळीत असेल अशा समजुतीने मरीया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले, ही लूकच्या शुभवर्तमानातील हकिगत मला आठवली. अशा मायाळू आईबापांची जर अशी फसगत झाली, तर आमची काय कथा! पण मुलाच्या शब्दांनी आणखी एक गोष्ट आठवली. याकोब वीस वर्षांनी स्वदेशी परतत असता त्याचा भाऊ एसाव चारशे माणसे घेऊन त्यास भेटावयास आला व आपण बरोबरच जाऊ म्हणाला. याकोबाने नम्रपणे नकार दिला. आपली मुले अजून कोवळी आहेत, दुभती जनावरे सोबत आहेत, त्यांस एक दिवस जरी दामटले तरी ती दगावतील. म्हणून भावाने पुढे व्हावे, आपण या सर्वांस झेपेल तसे मागून येऊ, असे त्याचे म्हणणे होते. हा पाठ मी रविवारच्या शाळेत अनेकदा शिकविला होता. पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

पूर्वीच्या काळी बैलगाडीचा प्रवास असे. मूल कंटाळले की गाडी झाडाखाली सोडता येई. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि हळूहळू आपला सर्व प्रवास घड्याळाच्या काट्यावर चालू लागला. त्यात आपले हितच झाले. तथापि गाडीची चाल वाढली तरी मुलाची चाल होती तशीच आहे. गाडी त्याच्याकरिता थांबत नाही. म्हणून त्याच्या विसाव्याची सोय वडील माणसांनीच आधी करून ठेवावी लागते.

परतीच्या प्रवासात आम्ही तसे केले. आमच्या उपयोगी पडलेल्या व पुढे अनुभवाने पटलेल्या काही गोष्टी येथे देतो.

पहिली गोष्ट जबाबदारीची. मूल कोणाकडे आहे हे गृहीत धरू नये. "आता हा तुझ्याकडे," असे एकाने मोठ्याने म्हणावे व दुसऱ्याने "हो" म्हटल्यावरच आपली नजर काढावी. मुलाच्या खिशात नाव, पालकांचा फोन क्रमांक, डबा व आसन लिहिलेली चिठ्ठी असावी. चुकामूक झाल्यास धावत न सुटता जागच्या जागी उभे राहावे, हे त्यास घरीच खेळातून शिकवावे. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ व मुलांकरिता असलेला १०९८ हे दोन्ही मोठ्या भावंडांना पाठ असावेत.

दुसरी गोष्ट जागेची. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाही, पण निजावयास स्वतंत्र जागाही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलाकरिता अशी जागा हवी असल्यास २०१६ सालापासून पूर्ण भाडे पडते. हा हिशेब आरक्षणापूर्वीच करावा. तान्ह्या मुलांच्या आईस खालची जागा मिळावी असे पाहावे व मुलास भिंतीकडे निजवावे.

तिसरी गोष्ट अन्नाची. प्रवास ही नवे पदार्थ चाखविण्याची वेळ नव्हे. दशम्या, केळी, राजगिऱ्याचा लाडू असे सवयीचे खाणे थोडे थोडे द्यावे. शेंगदाणे व फुटाणे मात्र लहान मुलांस देऊ नयेत. गाडीच्या हिसक्याने दाणा घशात अडकण्याची भीती असते. जुलाब वा उलट्या झाल्यास उपयोगी पडावी म्हणून क्षारसंजीवनीची पुडी जवळ ठेवावी आणि पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती मिसळून घोट घोट पाजावी. एस.टी.ने घाट चढावयाचा असेल तर मुलाचे पोट हलके असावे व त्यास चित्रांचे पुस्तक न देता दूरचे डोंगर दाखवावेत. म्हणजे मळमळ कमी होते.

चौथी गोष्ट करमणुकीची. सारी खेळणी एकदम बाहेर न काढता तासातासाने एकेक काढावे. मोबाईल हाती दिल्याने मूल गप्प बसते खरे. पण त्यास खिडकीबाहेरचे काहीच दिसत नाही. त्या परतीच्या वाटेवर मुलाने पुलगावजवळ वर्धा नदीचा पूल पाहिला, दुसऱ्या दिवशी पुण्यापुढच्या घाटातील बोगद्यांत आरोळ्या ठोकल्या, आणि अधूनमधून माझे बोट धरून डब्यात फेऱ्या मारल्या. गाडी तीच होती, तासही तितकेच होते. पण त्या खेपेस कोणासही ओरडावे लागले नाही.

तो मुलगा आता माझ्याहून उंच झाला आहे. गेल्या नाताळात आम्ही पुन्हा नागपुरास निघालो, तेव्हा माझी वृद्ध आईही बरोबर होती. गाडीची वेळ झाली होती आणि मी सवयीप्रमाणे जिना भराभर चढून वर गेलो. मागे वळून पाहिले. मुलगा आजीचा हात धरून एकेक पायरी चढत होता. माझी चुळबूळ पाहून तो म्हणाला, "बाबा, तुम्ही पुढे व्हा. आम्ही आमच्या चालीने येतो."

मी पुढे गेलो नाही. खाली उतरलो आणि आईचा दुसरा हात धरला. गाडी आम्हांस मिळाली.

विद्यार्थिमित्रांनो, या सुटीत तुमचे धाकटे भावंड वाटेत रेंगाळले, तर त्यास ओढू नका. तुमच्याकरिताही कोणीतरी एकदा आपली चाल हळू केलेली आहे.