नको म्हणजे नको

मंडळी, नात परदेशात शिकून आली की आजीने काय लिहायचं ते जवळजवळ ठरलेलं असतं. बर्फातले फोटो, उंच मनोऱ्यांची चर्च, आणि शेवटी "शिस्त शिकावी तर यांच्याकडून". मला तसं लिहिता येणार नाही, कारण मी तिकडे गेलेच नाही. मला जे ठाऊक आहे ते दर रविवारच्या फोनमधून, आणि परत आल्यावर ती इथे वाईला माझ्याजवळ आठ दिवस राहिली तेव्हाच्या गप्पांमधून. पण रोजचं जगणं कळायला फोटोंपेक्षा गप्पाच बऱ्या, असं माझं आपलं मत आहे.

तर आमची नात पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करते. दोन विद्यापीठांमधल्या करारातून तिला एका सत्रासाठी जर्मनीतल्या ग्योटिंगेनला जायची संधी मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात गेली, २०२५ च्या मार्चअखेर आली. अशा देवघेवीत तिकडची शिकवणीची फी नसते, पण राहण्याखाण्याचा खर्च आपलाच. आणि तो आपण करू शकतो हे व्हिसा मिळण्याआधी दाखवावं लागतं. तिच्या वेळी महिन्याला ९९२ युरो असा हिशोब होता, म्हणजे सहा महिन्यांचे ५,९५२ युरो. ते एका खास खात्यात आधीच भरून ठेवायचे आणि तिकडे गेल्यावर दरमहा ठरलेली रक्कमच काढायची. आपल्या रुपयांत साडेपाच लाखांच्या आसपास झाले. त्यातली एक मुदत ठेव माझी होती. हे सांगते ते मोठेपणासाठी नव्हे, पुढच्या गोष्टीत त्याचं काम आहे म्हणून.

ग्योटिंगेन हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही बरं का. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ पासून १८८१ पर्यंत संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न मायदेशी गेल्यावर तिथेच प्राध्यापक झाले. पतंजलीचं महाभाष्य संपादित करणारे ते हेच. आणि आपल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ साली त्याच विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टरेट दिली. नातीला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, कीलहॉर्नांना पुण्यात भांडी कोण घासून देत होतं, ते शोध. मला इथे माझी मीच घासावी लागतात."

खरंच, तिथलं पहिलं महिनाभराचं शिक्षण विद्यापीठात झालंच नाही, ते स्वयंपाकघरात झालं. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात सहा जणांची एक सदनिका. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामायिक. स्वयंपाकघराच्या दारावर आठवड्याचा तक्ता: फरशी कोणी पुसायची, कचरा कोणी न्यायचा. कचऱ्याचं तर शास्त्रच आहे. वेष्टणं पिवळ्या डब्यात, कागद निळ्यात, भाज्यांची सालं वेगळी, उरलेलं वेगळं. काचेच्या बरण्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत टाकायच्या, त्याही पांढरी, तपकिरी, हिरवी काच निवडून. आणि रविवारी टाकायच्या नाहीत, कारण काच फुटल्याचा आवाज होतो आणि रविवार शांततेचा असतो. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली की पंचवीस सेंट अनामत. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की ते परत. आमच्या लहानपणी सोड्याची बाटली दुकानदाराला परत दिल्याशिवाय सुटका नसायची, त्यातलाच प्रकार.

घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीची वर्गणी द्यावी लागते, महिना १८.३६ युरो. सहा जणांत माणशी तीन युरो सहा सेंट. "अगदी सहा सेंटसुद्धा मागतात गं!" असं ती पहिल्यांदा म्हणाली होती. दुसऱ्या महिन्यापासून तीही मागायला लागली.

रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही. हिने नेलेला छोटा मिक्सर रात्री साडेदहाला चटणीसाठी फिरवला तर शेजारचा मुलगा येऊन घड्याळ दाखवून गेला. रागावला नाही, नुसतं दाखवलं. हिंग-मोहरीच्या फोडणीने बाहेरच्या बोळातला धुराचा भोंगा एकदा वाजला. तेव्हापासून दार लावून, खिडकी उघडून, कोट घालून फोडणी. हे ऐकून मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

वर्गाच्या गोष्टी मी अर्थातच खोदून खोदून विचारल्या, जन्म मास्तरकीत गेला ना! दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो, आणि ही पंधरा मिनिटं उशीर समजली जात नाहीत, ती तिथली जुनी विद्यापीठीय रीत आहे. व्याख्यान संपलं की टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. मुलं प्राध्यापकांना तोंडावर "मला हे पटत नाही" म्हणतात आणि प्राध्यापक "का?" असं विचारून वहीत लिहून घेतात. त्यांच्यातही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे. मात्र विद्यार्थी एकमेकांना पहिल्या भेटीतच "तू" म्हणतात. "मग मैत्री लवकर होत असेल," मी म्हटलं. ती काही बोलली नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात. आपल्यातलं साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं होतं. तिचा अकराचा फोन मला अडीचला यायचा, तो साडेतीनला यायला लागला. त्याच आठवड्यात दिवाळी. ३१ ऑक्टोबर, आपल्याकडे नरकचतुर्दशी, आणि त्या प्रांतात धर्मसुधारणा दिनाची सुट्टी, सगळी दुकानं बंद. हिने आदल्या दिवशी दूध आणून ठेवलं नव्हतं. पहाटे उठून, कपाळाला तेलाचं बोट लावून, शॉवरखाली अभ्यंगस्नान उरकलं आणि बिनदुधाचा चहा प्यायली. त्या दिवशी तिने हे हसत सांगितलं. पण मी पस्तीस वर्षं मुलांचे चेहरे वाचलेत. हसू कुठवर पोचतंय ते कळतं.

डिसेंबरात तिकडे चार-सव्वाचारला सूर्य मावळतो. १५ डिसेंबरच्या रविवारी फोनवर ती म्हणाली, "आजी, मला परत यायचंय." रडत नव्हती, त्यामुळे मला जास्त काळजी वाटली. तिच्या बाबांनी तर तिकिटं बघायला सुरुवातही केली होती. परत येणं म्हणजे सत्र वाया, परीक्षा नाही, आणि घरातले सगळे साठवलेले पैसे अर्धेमुर्धे खर्चून काहीच हाती नाही. पण पैशांचं मी तिला एका शब्दानेही बोलले नाही. मुलगी तिथे खचली असती तर त्या ठेवीचं मी काय करणार होते?

मी विचारलं, "तिथल्या कुणाला सांगितलंस का, की बरं वाटत नाही म्हणून?"

"कुणी विचारलंच नाही गं."

मग हळूहळू निघालं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या जर्मन मुलीने केक केला आणि हिला विचारलं, "हवा का?" ही आपल्या रीतीप्रमाणे म्हणाली, "नको, नको." आता ती दुसऱ्यांदा विचारेल, मग "बरं, थोडासाच" म्हणू, असा हिचा हिशोब. तिने दुसऱ्यांदा विचारलंच नाही. केक गेला! पुढच्या खेपेस हिने शहाणपणाने "डांके" म्हटलं, म्हणजे धन्यवाद. तर पुढे केलेली ताटली पुन्हा मागे. कारण तिकडे कुणी काही देऊ केलं आणि आपण नुसतं "डांके" म्हटलं, तर त्याचा अर्थ "नको, धन्यवाद" असाच घेतात. हवं असेल तर "हो, आवडेल" असं स्पष्ट म्हणावं लागतं. तिसऱ्या वेळी सगळे मिळून नाताळच्या बाजारात निघाले होते, तेव्हाही ही "नाही, तुम्ही जा" म्हणाली. आणि ते गेले.

मी म्हटलं, "बाळा, आज एकीला जाऊन सांग. तिने विचारायची वाट बघू नकोस. आठ दिवस थांब. त्यानंतरही यावंसं वाटलं तर ये, मी स्टेशनवर उभी असेन." बाबांनाही आठ दिवस थांबायला लावलं.

तिने त्याच संध्याकाळी त्या केकवालीचं दार वाजवलं आणि मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की मला इथे फार एकटं वाटतंय. ती मुलगी चकितच झाली. म्हणाली, "आम्हाला वाटलं तुला एकटं राहायला आवडतं. तू तीन वेळा नाही म्हणालीस." तिच्या दृष्टीने तिने मान राखला होता. एखादी नाही म्हणत असताना पुन्हापुन्हा विचारणं म्हणजे तिच्या शब्दावर अविश्वास दाखवणं. इथे कुणी खलनायक नाही, मंडळी. एकीला विचारलं जाण्याची सवय, दुसरीला सांगितलं जाण्याची.

त्या मुलीने घरी जाण्यापूर्वी दोन गोष्टी केल्या. आपल्या सायकलची किल्ली हिला दिली. आणि स्वयंपाकघराच्या दारावर, सफाईच्या तक्त्याशेजारी, एक कागद चिकटवला: सुट्टीत इथे कोण कोण आहे, नावं लिहा. तीन नावं आली. हिचं, एका इंडोनेशियन मुलाचं आणि जॉर्जियाहून आलेल्या एका मुलीचं. तिघांनाही आपण एकटेच मागे राहतोय असं वाटत होतं! २४ डिसेंबरला दुकानं लवकर बंद झाली, पुढचे दोन दिवस सुट्टीच. तिघांनी मिळून मुगाची खिचडी केली, सोबत केकवालीने करून ठेवलेलं बटाट्याचं सॅलड. आणि ३१ तारखेला रात्री गावभर फटाके. तिकडे असे फटाके वर्षाच्या शेवटच्या तीनच दिवसांत विकायला मिळतात. "आजी, माझी दिवाळी दोन महिने उशिरा आली," म्हणाली. तिकिटाचा विषय परत निघाला नाही.

आता कुणी म्हणेल, बघा, त्यांची पद्धत किती सरळ! मला एवढं सोपं वाटत नाही. माझ्या वर्गात मधल्या सुट्टीत "डबा आणलाय का?" विचारलं की सगळी पोरं "हो बाई" म्हणायची. त्यातली दोन-तीन नळावर पाणी पिऊन यायची. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, बाजूला घेऊन विचारलं की मग खरं कळायचं. पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवला असता तर ती उपाशी राहिली असती. ज्याला तोंड उघडून मागता येत नाही त्याला आपला आग्रह जगवतो. आणि १८८३ साली कलकत्त्याहून जहाजाने निघून अमेरिकेत गेलेल्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनाही कार्पेंटरबाईंच्या घरात आपुलकीने विचारणारं माणूस भेटलं होतंच की. म्हणजे विचारणारी माणसं सगळीकडे असतात. पण ती भेटतीलच या भरवशावर राहता येत नाही, एवढं मात्र नातीने सहा महिन्यांत शिकून घेतलं. ते कुठल्याच गुणपत्रिकेत नाही.

याचा प्रसाद मला लगेच मिळाला. एप्रिलमध्ये ती वाईला आली. दुपारी विचारलं, "आजी, चहा हवा?" मी म्हटलं, "राहू दे गं." आणि बाईसाहेबांनी खरंच केला नाही! एकच कप करून समोर बसून प्यायली.

मग दोन दिवसांनी, भाजी निवडताना, तिने सरळ विचारलं, "आजी, तुला पुण्याला राहायला यायचंय का? हो की नाही?" हे जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मुलगा दर दिवाळीला विचारतो, मी "नको रे, माझं काय चाललंय इथे" म्हणते, तो "बरं, पुढच्या वर्षी बघू" म्हणतो. दोघांनाही त्यात एक सोय होती. ही मात्र माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मेथीची अर्धी जुडी निवडून झाली तेव्हा मी म्हटलं, "नाही, हे घर सोडायचं नाहीये. पण रात्री एकटीला भीती वाटते. पावसाळ्यात जास्त." हे वाक्य मी तोवर कुणालाच म्हटलं नव्हतं.

जूनपासून माझ्याकडे माडीवरच्या खोलीत एक मुलगी राहते. महाबळेश्वराकडच्या डोंगरातली, इथे कॉलेजात शिकते. तिच्यासाठीही वाई परगावच. स्वयंपाकघराच्या दारावर आम्ही दोघींनी तक्ता लावलाय: पाणी कोणी भरायचं, कचरा कोणी न्यायचा. रात्री भाकरी वाढताना ती "नको आजी" म्हणते. मी दुसऱ्यांदा विचारते. तिसऱ्यांदा विचारताना म्हणते, "नको म्हणजे नको ना?" तेव्हा हसते आणि अर्धी घेते.