पैसे दिले होते, तरीही

सॅक्रॅमेंटोजवळ आमच्या घराचा पाया घातला जात होता, तेव्हा पहिलं पत्र आलं. प्रिलिमिनरी नोटीस. पाठवणारा प्लंबर. माझा करार जनरल कॉन्ट्रॅक्टरशी होता, प्लंबरला मी ओळखतही नव्हतो. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, “रुटीन आहे, सगळ्यांना येतं.” मी ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं.

घर झालं, शेवटचा हप्ता दिला. महिन्याभरात दुसरं पत्र आलं: प्लंबरने घरावर मेकॅनिक्स लीन नोंदवला होता. सातबाऱ्यावर बोजा चढतो, तसंच काहीसं. रक्कम ११,४०० डॉलर. कॉन्ट्रॅक्टरने माझ्याकडून घेतलेले पैसे त्याच्यापर्यंत पोचवलेच नव्हते, आणि आता तो फोन उचलत नव्हता.

मी भयंकर चिडलो. पैसे खाल्ले एकाने, भुर्दंड मला!

मग कायदा वाचला. कॅलिफोर्नियात घरावर राबणाऱ्याचा आणि माल पुरवणाऱ्याचा हा हक्क थेट राज्यघटनेत आहे. ज्याचा मालकाशी करार नाही, त्याने काम सुरू केल्यापासून २० दिवसांत नोटीस द्यायची. काम संपल्यावर ९० दिवसांत लीन नोंदवायचा. मालकाने काम पूर्ण झाल्याची नोंद केली असेल, तर उपकंत्राटदाराला ३० दिवसच मिळतात. मग ९० दिवसांत कोर्टात जायचं. ‘मी कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिलेत’ हे उत्तर सहसा चालत नाही.

तुम्ही तिकडे घर बांधत असाल तर ती पत्रं जपून ठेवा. नोटीस देणाऱ्यांची यादी करा. दर हप्त्याला त्यांच्याकडून कंडिशनल वेव्हर घ्या, पैसे पोचले की अनकंडिशनल. शंका आली तर दोघांच्या नावाने एकच चेक काढा. मी यातलं काहीच केलं नव्हतं.

असा कायदा अमेरिकेत प्रथम १७९१ मध्ये मेरीलँडने केला, वॉशिंग्टन ही नवी राजधानी उभी राहत होती तेव्हा. आपल्या १८७२च्या करार कायद्यातही कारागिराला हक्क आहे: मजुरी मिळेपर्यंत शिंपी शिवलेला कोट अडवून ठेवू शकतो, जवाहिऱ्या पैलू पाडलेला हिरा. पण गवंडी भिंत कशी अडवून ठेवणार?

इथे मला सांगलीचं घर आठवलं. मी आठवीत होतो. ठेकेदार पैसे घेऊन पसार झाला. गवंडी दोनदा दारात आला, चप्पल काढून पायरीवर बसला. बाबा म्हणाले, “मिस्त्री, मी ठेकेदाराला सगळे दिलेत. त्याच्याकडे मागा.” तिसऱ्यांदा तो आला नाही. बाबांचं काही चुकलं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

प्लंबरला मी पैसे दिले. त्याने लीन उठवल्याची नोंद केली, जाताना स्वयंपाकघरातला नळ उघडून दाब तपासला. कॉन्ट्रॅक्टरवरचा माझा दावा अजून चालू आहे.

त्या रात्री बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. मग विचारलं, “आपल्या मिस्त्रींचे किती राहिले होते हो?”

मला वाटलं, त्यांना आठवणार नाही.

“साडेचार हजार,” बाबा लगेच म्हणाले.