तक्रार, रुग्णाच्या शब्दांत

दंतवैद्यकाच्या परवाना-परीक्षेची पुस्तके हा साहित्याच्या अभ्यासकाने वाचावा असा ग्रंथप्रकार नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. तरी गेले काही महिने आम्ही ती नित्यनेमाने वाचत आहोत, आणि तीही मोठ्याने. आमची भाची महाराष्ट्रात बीडीएस झाली, एका तालुक्याच्या गावी तिने सहा वर्षे दवाखाना चालवला आणि लग्नानंतर ती अमेरिकेस गेली. तेथे रुग्णाच्या दाताला हात लावायचा, तर आधी इंटिग्रेटेड नॅशनल बोर्ड डेंटल एक्झामिनेशन नावाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मग बहुतेक ठिकाणी एखाद्या मान्यताप्राप्त महाविद्यालयात दोन-तीन वर्षे पुन्हा विद्यार्थिदशा, आणि त्यानंतर त्या त्या राज्याचा परवाना. ही परीक्षा 2020 साली सुरू झाली. ती दोन दिवस चालते आणि तिच्यात एकूण 500 प्रश्न असतात, पहिल्या दिवशी 360 व दुसऱ्या दिवशी 140. आमचे काम एवढेच, की फोनवर प्रश्न वाचून दाखवायचा आणि उत्तर झाकून ठेवायचे. तिला विषयातले काही न कळणारा वाचक हवा होता. विषय कळणारा माणूस वाचताना आवाजानेच उत्तर सुचवतो, असे तिचे म्हणणे. आणि कविता शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला हे म्हणणे लगेच पटले.

या परीक्षेतील रुग्ण एका चौकटीत राहतो. चौकटीत चार खाने असतात. पहिल्यात तो स्त्री की पुरुष आणि त्याचे वय; दुसऱ्यात मुख्य तक्रार; तिसऱ्यात पूर्वेतिहास, म्हणजे जुने आजार, चालू औषधे, व्यसने; चौथ्यात डॉक्टरला आज काय आढळले ते. चौकटीखाली प्रश्न, आणि प्रश्नाखाली पर्याय. आमचे लक्ष पहिल्या दिवसापासून दुसऱ्या खान्याने वेधून घेतले. अवतरणचिन्हे येतात ती तेथे. बाकीचा सारा मजकूर कोणी बोलत नसल्यासारखा लिहिलेला: ‘सूज आढळते’, ‘रक्तस्राव नाही’. बोलणारा माणूस असतो तो एका ओळीपुरता. तक्रार रुग्णाच्याच शब्दांत नोंदवावी, तिचे शास्त्रीय भाषांतर करू नये, असा वैद्यकातला जुना दंडक आहे आणि परीक्षेने तो पाळला आहे. आमच्याकडे आयुर्वेदाने दर्शन आणि स्पर्शन यांच्याबरोबर ‘प्रश्न’ हीही परीक्षाच मानली, तीमागचे कारण निराळे नसावे.

आम्ही वाचलेल्या कित्येक चौकटींचा सांगाडा असा असे. स्त्री, वय 34. “रात्री डावी बाजू ठणकते, झोप लागत नाही.” पूर्वेतिहासात विशेष काही नाही. खालच्या डाव्या पहिल्या दाढेत जुने, मोठे फिलिंग. थंड लावल्यावर उठलेली वेदना थंड काढून घेतल्यावरही अर्धा मिनिट रेंगाळते. दाढेवर ठोकून पाहिले तर दुखत नाही. निदान काय?

येथे आम्ही आमच्या अज्ञानाचा हक्क बजावून मधेच विचारले, की फोटो काढला म्हणजे कळत नाही का? भाचीने जे सांगितले ते ऐकून आम्ही पुस्तक मिटून ठेवले. दाताच्या आत जो मऊ भाग असतो, ज्याला लोक ‘नस’ म्हणतात, तो चहूबाजूंनी कठीण कवचात बंद असतो. क्ष-किरणांच्या फोटोत तो नुसती काळसर पोकळी म्हणून दिसतो. तो निरोगी आहे, सुजला आहे की मेला आहे, हे फोटो सांगत नाही. दात फोडल्यावाचून तो पाहता येत नाही. मग थंड लावून पाहायचे, शेजारच्या चांगल्या दातालाही लावून तुलना करायची, आणि विचारायचे. त्या चाचणीचे उत्तरही शेवटी एक शब्दच असतो: “आता थांबलं.” म्हणजे दाताच्या नसेचे निदान हे बव्हंशी एका माणसाच्या बोलण्याचे वाचन आहे. वेदना लगेच थांबली तर विकार ‘परतणारा’: कीड काढून दात भरला की नस पूर्ववत होण्याची आशा. वेदना रेंगाळली, आपोआप उठू लागली, आडवे झाल्यावर वाढली, तर ‘न परतणारा’. चौकटीतल्या बाईचा दुसरा प्रकार. नस काढून रूट कॅनाल, किंवा दात वाचण्याजोगा नसेल तर तो उपटणे. ‘ठोकल्यावर दुखत नाही’ या तीन शब्दांचा अर्थ असा, की आग अजून मुळाच्या टोकाबाहेर पोचलेली नाही.

पुढची गोष्ट आम्हांला त्याहून विलक्षण वाटली. नस नुसती आतल्या आत सुजलेली असते तेव्हा नेमका कोणता दात दुखतो, हे रुग्णाला पुष्कळदा सांगता येत नाही. तो गालावर सगळा पंजा ठेवतो. खालची दाढ दुखत असता कान दुखतो म्हणतो. वरचा की खालचा, यातही चुकतो. मात्र चेहऱ्याची मध्यरेषा ओलांडून उजव्याचे डाव्याला सहसा जात नाही. रोग मुळाबाहेर जाऊन दात आणि हाड यांच्यामधल्या तंतूंच्या पातळ थरापर्यंत पोचला, म्हणजे मग रुग्ण तर्जनी उचलतो आणि म्हणतो, हाच. ‘नेमके बोट ठेवणे’ हा वाक्प्रचार आम्ही समीक्षेच्या वर्गात गुणवाचक म्हणून किती वेळा वापरला असेल! येथे नेमके बोट ठेवता येणे हे दुखणे पुढे गेल्याचे लक्षण.

तालुक्याच्या दवाखान्यात हे बोलणे मराठीत होत असे, आणि आमच्या मते मराठीची या बाबतीत चांगलीच श्रीमंती आहे. कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर दात आंबतात. त्यात रोग असेलच असे नाही. गार पाण्याने सणक जाते आणि घोट उतरेपर्यंत थांबते. कळ येते आणि टिकते. ठणका नाडीबरोबर पडतो. पू धरू लागला की ठसठसते, आणि त्या अवस्थेतला माणूस “दात उंच झालाय, मिटलं की आधी तोच लागतो,” असेही सांगतो, ते अक्षरशः खरे असते. सुजलेल्या तंतूंनी दात किंचित वर उचललेला असतो. हे शब्द म्हणजे निदान नव्हे. जिल्हा बदलला की सणकेची कळ होते. पण भाचीला सहा वर्षांत या शब्दांवरून पुढचा प्रश्न कोणता विचारायचा ते कळू लागले होते. आता इंग्रजी चौकटीत तिला तीनचार विशेषणे मिळतात: तीक्ष्ण, बोथट, ठणकणारी. ती ती मनातल्या मनात मराठीत आणते, मग उत्तर देते. यावरून इंग्रजी दरिद्री ठरवण्याचे कारण नाही. 1975 साली रोनाल्ड मेलझॅक यांनी मॅकगिल विद्यापीठात वेदनेची प्रश्नावली केली, तिच्यात वेदनेचे वर्णन करणारे 78 शब्द 20 गटांत लावलेले आहेत. दरिद्री आहे ती परीक्षेची घाई.

तिसरा खाना अट्टल रहस्यकथा-वाचकासाठी आहे. दोघांच्या शरीरात काहीतरी ‘कृत्रिम’ बसवलेले असते: एकाची हृदयाची झडप, दुसऱ्याचा गुडघा. दोघांचाही दात काढायचा आहे. झडपवाल्यास तासभर आधी 2 ग्रॅम अमॉक्सिसिलिन. गुडघेवाल्यास सामान्यतः काहीही नाही. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यास एक गोळी घेणारी वृद्धा, तिचा दात उपटण्याआधी जबड्याच्या हाडाचा विचार करावा लागतो. रक्तदाबाच्या एखाद्या गोळीने हिरड्या वाढतात. औषधांची यादी हे त्या माणसाचे चरित्रच असते, फक्त क्रियापदे गाळलेले.

पण आमच्यात आणि भाचीत खरा वाद झाला तो प्रतिजैविकांवरून. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार, प्रौढ व अन्यथा निरोगी माणसाची नस नुसती सुजली असेल आणि तेथेच दातावर उपचार होऊ शकत असतील, तर प्रतिजैविक देऊ नये. त्याने ती वेदना कमी होत नाही. नुकसान मात्र होऊ शकते. चौकटीतल्या बाईला प्रतिजैविक लिहून देणारा पर्याय निवडला की गुण गेला. भाची हे उत्तर अचूक देते, आणि देताना तिचा आवाज दर वेळी पडतो. तिच्या दवाखान्यात सोमवारच्या बाजाराला आलेला माणूस म्हणे, “मॅडम, आज गोळी द्या, दाताचं पुढच्या बाजारी बघू.” रूट कॅनालला दोनतीन खेपा, प्रत्येक खेपेस एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी. आम्ही म्हणालो, की परीक्षेला माणसाची परिस्थिती कळत नाही. ती म्हणाली, “मामा, तू उगाच कैवार घेऊ नकोस. परीक्षेचं उत्तरच बरोबर आहे. गोळी त्यालाही लागू पडत नव्हती. दोन दिवसांनी दुखणं आपोआप थांबायचं, कारण नस मरायची. तो म्हणायचा गोळीचा गुण आला.” पुष्कळ वाचले असूनही, सुटलेल्या वेदनेचा अर्थ मरण असा असू शकतो, हे आम्हांला या फोनपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

अशाच एका रात्री एक चौकट आली. पुरुष, वय 27, मूळचा दक्षिण आशियातला. “तिखट खाल्लं की तोंडाची आग होते.” गालाची आतली कातडी पांढुरकी, तिच्यात घट्ट पट्टे, तोंड नीट उघडत नाही. पुस्तकास एकच गोष्ट विचारायची होती, कारण कोणते? सुपारी. भाचीने पर्याय वाचूही दिले नाहीत. हा रोग 1952 साली श्वार्ट्‌झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये नोंदवला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या जोशी यांनी त्याला आज रूढ असलेले, कातडीखालच्या तंतूंचे नाव दिले. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 साली बंदी आली, तरी भाचीच्या दवाखान्यात विशीतली मुले येतच राहिली. ती त्यांना स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगे. कोणाची दोन जात, कोणाचे एक. ‘भाकरीचा घास मोडून मोडून घालावा लागतो,’ ही त्यांची मुख्य तक्रार. आगीचे ती बोलतही नसत, तिखट सोडून दिलेले असे. सुपारी थांबवणे, तोंडाचे व्यायाम, इंजेक्शने, क्वचित शस्त्रक्रिया, असे उपाय आहेत. पण गेलेली लवचिकता पुरती परत येत नाही, आणि कर्करोगाची टांगती तलवार राहते. पुस्तकात या रोगाला एक प्रश्न. तिकडे तो दुर्मीळ आहे, तेव्हा तक्रार करण्यासारखे काही नाही. तिने पुढचा प्रश्न वाचायला सांगितले.

या परीक्षेचा 22 टक्के भाग ‘व्यवसाय’ या सदरात मोडतो, आणि त्यात रुग्णाशी काय बोलावे हेही येते. पुरुष, वय 58: “मला सुईची फार भीती वाटते.” खाली डॉक्टरची चार संभाव्य वाक्ये. संवादलेखनाची अशी परीक्षा आम्ही आमच्या विद्यार्थ्यांची कधी घेतली नाही, याची थोडी रुखरुख वाटली. बरोबर वाक्य बहुधा ते, जे उलट विचारते: “यापूर्वी काय अनुभव आला, सांगाल का?” चूक ठरते ते “काही होत नाही, घाबरू नका.” पोकळ दिलासा, असा त्यावर शेरा. तत्त्व म्हणून हे योग्यच. पण तालुक्याच्या गावी “काही होत नाही हो काका” हे वाक्य माहिती देण्यासाठी उच्चारलेले नसते. त्यातला ‘हो’ आणि ‘काका’ हा त्याचा अर्थ असतो. खांद्यावर ठेवलेल्या हाताइतकाच त्याचा खरेखोटेपणा. भाषांतरात ते दोन्ही गळतात आणि मग जे उरते ते खरोखर खोटे असते. परीक्षकाने उरलेले वाक्य तपासले, त्याचा दोष नाही. भाचीनेही ‘सांगाल का’ हे वळण आता उचलले आहे, आणि त्याने माणसे जास्त बोलतात असा तिला विश्वास वाटतो.

चौकटीतली माणसे पुढे कोठे जातात, हा साहित्याच्या माणसाला पडणारा प्रश्न. परीक्षेला तो पडत नाही. उत्तराला खूण केली की ठणकत्या दाढेची बाई संपते. कदाचित म्हणून, कदाचित नुसता सराव म्हणून, भाचीने अलीकडे एक वही केली आहे. तिच्यात ती जुन्या दवाखान्यातले रुग्ण आठवून चौकटी आखते; नावे नाहीत, वय आणि तक्रार, तेवढी मराठीत. पानांचे फोटो ती पाठवते आणि आम्ही ते इतर प्रश्नांत मिसळून वाचतो. परवा एक निघाली. पुरुष, वय 51. “वरच्या दाढेत चावताना कळ जाते, पण रोज नाही.” फोटोत काही नाही, कीड नाही, थंडाला क्षणभर सणक. तिघांनी तपासून ‘काही नाही’ म्हणून परत पाठवलेला.

“कळ चावताना, की चावून दात उघडताना?” तिने विचारले.

आम्ही पान उलटून पाहिले. तेवढे लिहिलेले नव्हते.

“उघडताना असेल तर दाताला तडा आहे,” ती म्हणाली. “दाढेच्या एकेका उंचवट्यावर चावायला देऊन पाहायचं. थांब, आठवते. खारी सुपारी खायचा तो. भरडा बाजारला दुकान होतं...” आणि पुढची पाच मिनिटे तिने आम्हांला एकही प्रश्न वाचू दिला नाही.