पंगत सोडून उठलेला माणूस

माणसाने कोणावर रागवावे याला काही भूगोल असावा, अशी माझी समजूत होती. पण आमच्या घरात गेली दोन वर्षे एका अशा गृहस्थावर राग धरला जात आहे की, त्याने आमचे गाव पाहिलेले नाही आणि त्याचे गाव आम्ही नकाशात शोधून काढले! त्याचे नाव केव्हिन ड्युरंट. अमेरिकेतला नामांकित बास्केटबॉलपटू. रागावणारा आमचा धाकटा चिरंजीव. पहाटे साडेपाचला शाळेसाठी न उठणारा हा मुलगा अमेरिकेतले सामने पाहायला मात्र न हाक मारता उठतो.

"बाबा, तो पळपुटा आहे," तो मला एकदा म्हणाला, "आठ वर्षं ओक्लाहोमात खेळला. २०१६ मध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध तीन-एक असे पुढे होते. तिथून हरले. आणि महिन्याभरात हा त्याच गोल्डन स्टेटमध्ये गेला!"

मी मान डोलावली. ओक्लाहोमातल्या काही चाहत्यांनी तेव्हा त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या, हे ऐकून तर मला आतून थोडे बरेच वाटले. कारण असाच एक माणूस माझ्याही हिशेबात जमा होता.

आमची शाळा तेव्हा विनाअनुदानित. मी चित्रकला शिकवी, आणि माझे एक मित्र गणित. तेरा वर्षे आम्ही तुटपुंज्या मानधनावर काढली. एकाच डब्यात जेवलो, एकाच छत्रीतून घरी आलो. मग एका जूनमध्ये जिल्ह्याच्या गावी अनुदानित शाळेत जागा निघाली आणि ते निघून गेले. निरोपसमारंभात मी भाषण केले. "ज्याला पलीकडचे ताट मोठे दिसते, तो पंगत सोडून उठतो!" असे म्हणालो. मुले हसली. ते खाली पाहत राहिले. पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. मी गेलो नाही.

गेल्या श्रावणात एका पावसाळी दुपारी चिरंजीवांनी मला सहज विचारले, "पण बाबा, गोल्डन स्टेटला तो परवडला कसा?" प्रश्न गणिताचा होता आणि घरात गणिताचे मास्तर नव्हते. आम्ही दोघे वही घेऊन बसलो.

त्या खेळात प्रत्येक संघाने पगारावर किती खर्च करावा याला मर्यादा असते. ती १९८४ च्या हंगामापासून आली. तेव्हा ती ३६ लाख डॉलर होती. साऱ्या संघांचे मिळून उत्पन्न जसे वाढेल तशी ती वाढते. आपल्याच जुन्या खेळाडूला ठेवून घेण्यासाठी ती ओलांडता येते; या सवलतीला लॅरी बर्ड या थोर खेळाडूचे नाव पडले आहे. घरच्या माणसासाठी जास्तीचे पान मांडता येते, म्हणा ना! पण बाहेरून मोठा पाहुणा आणायचा तर पंगतीत जागा रिकामी हवी. आणि चांगल्या संघाची पंगत नेहमीच भरलेली.

२०१६ साली मात्र आक्रीत घडले. दूरचित्रवाणीचा नऊ वर्षांचा, २४०० कोटी डॉलरचा नवा करार सुरू झाला आणि मर्यादा एका वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने करू, असे संघांच्या बाजूने सुचवले गेले होते; खेळाडूंच्या संघटनेने ते मानले नाही. त्यातून गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीने २०१२ मध्ये, घोटा दुखावलेला असताना, चार वर्षांसाठी अवघ्या ४ कोटी ४० लाखांवर सही केलेली. म्हणजे भरल्या पंगतीत अचानक एक पाट रिकामा झाला! तरीही हॅरिसन बार्न्स आणि अँड्र्यू बोगट यांना उठवावे लागले, तेव्हा कुठे ड्युरंट बसला. त्यानंतर २०१७ आणि २०१८, दोन्ही वर्षी तो संघ अजिंक्य ठरला.

"दर वर्षी असं दार उघडतं का रे?" मी विचारले.

"छे! आता तर २०२३ च्या करारानं ठरवलंय, मर्यादा वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढायचीच नाही."

मी पेन्सिल खाली ठेवली. दार एकदाच उघडले होते. उंबरठ्याशी जो उभा होता त्याला आम्ही स्वभावाचा दोष लावत होतो. आणि दार कोणी उघडले, हे विचारलेच नव्हते. माझ्या मित्राच्या वडिलांना तेव्हा अर्धांगवायू झाला होता. मुलगी दहावीत होती. मंजूर पद तेरा वर्षांत प्रथमच निघाले होते. हे सारे मला ठाऊक होते. ते मांडून मी कधी बेरीज केली नाही, इतकेच. चार कादंबऱ्यांतून परक्यांच्या मनाचा ठाव घेणारा मी, पण छत्रीतल्या माणसाची बेरीज चुकवली होती.

चिरंजीव मात्र अजून हरले नव्हते. "पण डर्क नोविट्झ्की बघा. २०१४ मध्ये इतर संघ कितीतरी जास्त देत होते. हा तीन वर्षांच्या अडीच कोटींवर डॅलसमध्येच राहिला. उरलेल्या पैशांत संघाला दुसरे खेळाडू घेता यावेत म्हणून. एकवीस हंगाम एकाच संघात! तुमच्यासारखा."

'तुमच्यासारखा' म्हणताना त्याच्या डोळ्यांत जे कौतुक होते, ते मी मुकाट्याने ठेवून घेतले असते तर कोणाला कळले असते? हिनेही स्वयंपाकघरातून ऐकले असावे. भांड्यांचा आवाज थांबला होता.

"नाही रे," मी म्हणालो, "नोविट्झ्कीला बोलावणी होती. ती नाकारून तो राहिला. मी मॅट्रिक झालेला चित्रकलेचा मास्तर. मला कोणी बोलावलंच नव्हतं."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने वहीचे ते पान फाडून, नीट घडी घालून माझ्या हातात दिले.

त्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी मित्राला पत्र लिहिले. लांबलचक नव्हते. निरोपाच्या भाषणातले ते वाक्य परत घेतो, एवढेच लिहिले. आणि दिवाळीत सहकुटुंब जेवायला या, असे. आठवड्याने उत्तर आले: "भाऊबीजेला येतो. पत्रामागे बेरजा कसल्या आहेत? तिसऱ्या ओळीत हातचा धरायचा राहिला आहे."

हिने पाट किती मांडायचे ते आतापासूनच विचारायला सुरुवात केली आहे.